भजनालाही कागद लागतो

मी दोन रेकॉर्ड लेबलं चालवतो. एकावर पुणे-नगर पट्ट्यातल्या तरुण मुलांचं संगीत निघतं: मराठी रॅप, लोकगीतांवर बांधलेलं रॉक, एका मुलीची नुसत्या एकतारीवरची गाणी. दुसऱ्यावर फक्त मराठी ख्रिस्ती भजनं, गीतं आणि कीर्तनं. खोली एकच, हिशेब माझी बायको लिहिते. बँकेची खाती आणि फायलींची कपाटं मात्र वेगवेगळी. ‘दोन कशाला? एकाच नावाखाली भक्तीचा एक कप्पा कर की,’ असं मला बऱ्याच जणांनी सुचवलंय. त्यात चर्चचे पाळकसाहेबही आले आणि रॅपरही. याचं उत्तर जरा लांब आहे आणि ते नगरपासून सुरू होतं.

अमेरिकन मराठी मिशन हे ख्रिस्ती धर्मप्रसारकांचं मिशन नगरला १८३१ साली आलं. त्यांचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच निघायला लागलं. आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती घरांत या तारखा लहानपणीच पाठ होतात. पण मिशनने आम्हाला काय दिलं असं विचाराल, तर शाळा आणि दवाखान्याच्या आधी मी गाणं म्हणेन. घरी ‘उपासना संगीत’ हे आमच्या गीतांचं पुस्तक पेटीवर कायम उघडं असायचं, पुठ्ठा निघालेलं, पानांच्या कोपऱ्यांना तेलाचे डाग. रविवारी गीतांचे क्रमांक फळ्यावर लागत. वडील पेटीवर बसत आणि हायस्कुलात गेल्यापासून तबल्यावर मी.

त्या पुस्तकात दोन जातींची गाणी आहेत. एक, विलायती चालींवर बसवलेली मराठी गीतं, उभं राहून ऑर्गनच्या साथीने म्हणायची. दुसरी, आपली भजनं. कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात कीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात बायबलमधली आख्यानं लावली. पुढे कवी नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरपूरला जाते. ती बघायला रस्त्याकडेला उभा असताना दिंडीतला ठेका आणि मी रविवारी वाजवतो तो ठेका एकच आहे, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. हातालाच कळलं.

माझे थोरले मामा फार गोड गात. टिळकांच्या कितीतरी पदांना त्यांनी स्वतःच्या चाली लावल्या होत्या. नव्वदच्या दशकात कॅसेटचा धंदा भरात होता, तेव्हा एका कंपनीने त्यांची भजनांची कॅसेट काढली. दोन्ही बाजू एका दिवसात रेकॉर्ड झाल्या. हातात एक पाकीट आणि थोड्या प्रती मिळाल्या. कराराचा कागद झालाच नाही. ‘देवाचं काम आहे, त्यात कागद कसला,’ असं कंपनीच्या माणसाने म्हटलं आणि मामांना ते पटलं. कॅसेट चांगली चालली. नाताळच्या दिवसांत गावोगावच्या चर्चच्या मंडळींत तीच वाजायची आणि मामांना लोक रस्त्यात थांबवून सांगायचे. मामा खूश होते. पैशाचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि काढणं त्यांना शोभलंही नसतं, असंच घरात सगळ्यांना वाटे.

मामा गेल्यानंतर माझ्या मामेभावाने ती कॅसेट संगणकावर घेतली आणि वडिलांची आठवण म्हणून यूट्यूबवर टाकली. थोड्याच दिवसांत तिच्यावर हक्काचा दावा लागला. तोही मूळ कंपनीचा नव्हे, तिचा सगळा जुना साठा विकत घेतलेल्या तिसऱ्याच कंपनीचा. मामेभाऊ शाळेत शिक्षक. त्याने घाबरून व्हिडिओ काढून टाकला.

तेव्हा मी पहिल्यांदा १९५७ चा कॉपीराइट कायदा मुळापासून वाचला. ध्वनिमुद्रण जो करवून घेतो त्याचा ध्वनिमुद्रणावर हक्क असतो, इथपर्यंत कंपनीचं बरोबर होतं. शब्द टिळकांचे. ते १९१९ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क कधीच संपलाय, ते आता सगळ्यांचे आहेत. पण चाली मामांच्या होत्या. चालीवरचा हक्क लेखी आणि सही करून दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जातच नाही. कुठलं गाणं, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात, हे कागदावर लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. म्हणजे जो कागद मामांनी मागितलाच नाही, तो नसल्यामुळे त्यांच्या चाली त्यांच्याच राहिल्या होत्या. घरात मात्र कुणाला ते माहीत नव्हतं.

तोवर मी पुण्यात होतो. तबल्यावर पोट भरेना म्हणून बेस गिटार शिकलो. लग्नातले ऑर्केस्ट्रा केले, स्टुडिओत दुसऱ्यांच्या जिंगल वाजवल्या, मित्रांबरोबर बँड केला. बँडचा अल्बम कोणी काढेना, तेव्हा आम्हीच सीडी छापल्या आणि कार्यक्रम संपल्यावर दाराशी टेबल टाकून विकल्या. वही माझ्याकडे असायची: स्टुडिओचं भाडं किती, छपाई किती, आज विकल्या किती, प्रत्येकाच्या वाट्याला काय. त्या वहीतूनच पहिलं लेबल झालं. दुसऱ्या बँडची मुलं येऊन म्हणायला लागली, ‘दादा, आमचंही काढून द्या, तुमचा हिशेब चोख असतो.’

लेबल म्हणजे स्टुडिओ, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. स्टुडिओ तासावर भाड्याने मिळतो. लेबलचं खरं काम नावांचं आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक आयएसआरसी क्रमांक द्यायचा. तो त्या मुद्रणाला जन्मभर चिकटतो आणि गाणं कुठेही वाजलं तरी त्यावरून ओळखता येतं. गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांची नावं सगळीकडे एकाच पद्धतीने लिहायची. एकीकडे ‘आर. जाधव’ आणि दुसरीकडे ‘राजू जाधव’ झालं की पैसे मधेच कुठेतरी अडकून पडतात. गीतकार-संगीतकारांना आयपीआरएसचं सभासद करायचं. त्यांची रॉयल्टी गोळा करणारी ही संस्था १९६९ पासून आहे, पण खेड्यात भजन लावणाऱ्या माणसापर्यंत तिचं नाव पोचलेलं नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहूनच घेता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा अशा संस्थेकडे जाऊ शकतो. ही दुरुस्ती सिनेमावाल्यांसाठी झाली असं लोक समजतात. ती भजनालाही तितकीच लागू आहे.

ख्रिस्ती संगीताचं लेबल काढायचं मनात आलं, तेव्हा आधी कोणी काय केलंय ते बघू म्हणून अमेरिकेतला इतिहास वाचायला घेतला. तिथे हा मोठा धंदा आहे आणि त्यात गायक-वादकांनी स्वतः काढलेली लेबलं बरीच आहेत. मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं कीथ ग्रीनने. पियानोवर बसून गाणारा माणूस, स्पॅरो नावाच्या ख्रिस्ती कंपनीकडे होता. देवाच्या गाण्याची किंमत लावायची नाही असं त्याच्या मनाने घेतलं. कंपनीने त्याला करारातून मोकळं केलं, आणि १९८० चा अल्बम त्याने राहतं घर गहाण टाकून स्वतः काढला. किंमत, ज्याला जे परवडेल ते, काहीच नसेल तर फुकट. दोन वर्षांत दोन लाखांहून जास्त प्रती गेल्या, त्यातल्या साठ हजारांवर फुकट. १९८२ मध्ये विमान अपघातात तो गेला, अठ्ठावीस वर्षांचा होता.

मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. तरी मी त्याच्या वाटेने गेलो नाही. गाणी त्याची, गळा त्याचा, घरही त्याचं. जे स्वतःचं होतं ते त्याने वाटलं. लेबलवाला दुसऱ्याचा गळा आणि दुसऱ्याच्या चाली वाटत असतो. तबलजीचं भाडं, गाणारणीचा बुडालेला रोज, हे माझं नाही, तर मी ते फुकट कसं देऊ? आपल्याकडे ‘सेवा समजून करा’ हे नेहमी वादकालाच सांगितलं जातं. मांडववाल्याला आणि साउंडवाल्याला कोणी सांगत नाही. त्यांची बिलं त्याच दिवशी भागतात.

दुसरा स्टीव्ह टेलर. तोही गायक. १९९७ मध्ये त्याने स्क्विंट नावाचं लेबल उभं केलं. ख्रिस्ती बाजारापुरतं न राहता सगळ्यांच्या रेडिओवर वाजेल असं संगीत काढायचं, ही त्याची इच्छा. आणि झालंही तसंच. त्याच्याकडच्या एका बँडचं साधं प्रेमगीत १९९९ मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पण लेबलमागचा पैसा दुसऱ्या मोठ्या कंपनीचा होता आणि थोड्याच वर्षांत लेबल टेलरच्या हातातून गेलं. स्पॅरोही १९९२ मध्ये ईएमआयने विकत घेतली आणि ईएमआयचं हे सगळं घबाड आज युनिव्हर्सलकडे आहे. कोणी वाईट हेतूने वागलं असं मी म्हणत नाही. कंपन्या विकल्या जातात, त्यांच्याबरोबर गाणीही जातात. मामांच्या कॅसेटचं तेच झालं होतं.

म्हणून माझ्या दोन्ही लेबलांच्या करारात एक कलम ठळक अक्षरात आहे: लेबल बंद पडलं किंवा विकलं गेलं, तर मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कलाकाराकडे परत. मुदत पाच वर्षं, त्यानंतर पुन्हा बसून बोलायचं. खर्च वजा जाता निम्मे-निम्मे. वारसाचं नाव पहिल्याच पानावर. करार मराठीत आणि सही करायच्या आधी तो घरी न्यायचाच. माझ्या समोर बसून कोणी सही करायची नाही.

शब्दन् शब्द दोन्हीकडे सारखा असेल तर लेबलं दोन का? कारण माणसं सारखी वागत नाहीत. रॅपर कागद हातात पडताच भांडतो. त्याचा मित्र वकिलीला असतो, तो आणखी भांडतो आणि मला ते आवडतं. आमच्याकडचा एक मुलगा भीमगीतांच्या घरातला आहे. त्याच्या आजोबांची गाणी जयंतीला सगळ्या महाराष्ट्रात वाजायची आणि घरात मात्र छदामही आला नाही. तो करार वाचतो तेव्हा ओठ हलवून वाचतो, एकेक ओळ. भजन गाणारी बाई मात्र पैशाचं नाव काढलं की लाजते. विचारणं म्हणजे श्रद्धेत कमी पडणं, असं तिला वाटतं. जिथे समोरचा विचारणारच नाही, तिथे आपला हिशेब दुप्पट कडक लागतो. भजनांचा पैसा वेगळ्या खात्यात असला, तर तो रॅपच्या व्हिडिओत खर्ची पडू शकत नाही. आणि त्या भीमगीतांच्या घरातल्या मुलालाही कोणी मिशनचा माणूस म्हणून ओळखू नये, हा त्याचा हक्क आहे.

राहुरीच्या बाजूला एका खेड्यात आम्ही महिला मंडळाचं ध्वनिमुद्रण केलं, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. दगडी चर्च, वर पत्रा. उसाचा हंगाम होता, त्यामुळे ट्रॅक्टर थांबेपर्यंत, म्हणजे रात्री जेवणं झाल्यावरच काम सुरू करता आलं. पंखे बंद. गोलात सतरंजी, मधे दोन माइक, पेटी थोडी मागे. पेटी जुनी, भाता एका कोपऱ्यात गळत होता आणि प्रत्येक ओढीला बारीक फुसफुस यायची. पट्टी काळी चार, पण आजच्या गिटारच्या मापापेक्षा अंमळ चढी. माझ्याबरोबर आलेला साउंडचा मुलगा म्हणाला, पेटी राहू दे, नंतर कीबोर्ड टाकू. मी नाही म्हटलं. त्या बायका वर्षानुवर्षं त्या पेटीच्या स्वराला गळा लावत आल्या होत्या. आम्ही गिटारच चढवून पेटीला जुळवली.

मग क्लिकचा प्रश्न आला. साउंडच्या मुलाला गाणाऱ्यांच्या कानात मेट्रोनोमची एकसारखी टिकटिक हवी होती, नाहीतर नंतर कापाकापी जमत नाही. पण भजन विलंबित सुरू होतं आणि चढत जातं. टाळ उठतात, शेवटच्या आवर्तनाला लय जवळजवळ दुप्पट झालेली असते. ती चढण काढून टाकली तर मागे नुसते शब्द उरतात. क्लिक लावला नाही. पहिल्या भजनात एक आजी दुसऱ्या कडव्याला वेगळीच चाल गायला लागल्या, बाकीच्या थांबल्या. चूक झाली असं वाटून मी हात वर केला. आजी शांतपणे म्हणाल्या, ‘ही माझ्या माहेरची चाल हाय. इथली निराळी.’ एकाच पदाची, दोन गावांतली, पाच-सहा कोसांच्या अंतरातली. आम्ही दोन्ही रेकॉर्ड केल्या आणि दोन्ही वेगळ्या क्रमांकांनी काढल्या, गावांच्या नावांसकट. ‘उपासना संगीत’मध्ये शब्द छापलेत. चाली छापलेल्या नाहीत, त्या या आज्यांच्या गळ्यात आहेत. माझ्या दुसऱ्या लेबलचं एवढंच काम आहे आणि ते माझ्या आयुष्याला पुरून उरेल.

रात्री उशिरा मानधनाची पाकिटं दिली. आजींनी घेतलं नाही. ‘देवाच्या नावानं गायले, त्याचं पैसं कसं घेऊ? त्यापरीस पेटी नीट करा.’ मी म्हटलं, पेटी दुरुस्तीला नेतोच आहे, तो लेबलचा खर्च, त्याचा या पाकिटाशी संबंध नाही. हे तुमच्या गळ्याचं आहे. बराच वेळ घोळ चालला. शेवटी त्यांच्या सुनेने सही केली, पाकीट घेतलं आणि आजींसमोर पैसे मोजले. मला ते फार बरं वाटलं. मंडळातल्या प्रत्येकीचं नाव गायिका म्हणून नोंदवलंय, ‘आणि सहकारी’ असं कुठेही लिहिलेलं नाही. कलाकाराचा हक्क कायद्याने पन्नास वर्षं टिकतो. या नोंदीचा उपयोग नातवंडांना होईल.

गाणी ऑनलाइन बाहेर पाठवताना दरवेळी एक रकाना मला अडवतो: प्रकार कोणता? ‘ख्रिश्चन’ निवडलं तर आमच्या आजी अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या गिटारवाल्यांच्या शेजारी जाऊन बसतात आणि ते ऐकणाऱ्याला यात काही लागत नाही. ‘भक्तिसंगीत’ निवडलं तर त्या विठ्ठलाच्या अभंगांच्या शेजारी येतात. मी ‘भक्तिसंगीत’ निवडतो. काही पाळकसाहेबांना ते रुचत नाही, आमची ओळख पुसली जाईल असं त्यांना वाटतं. त्यांची काळजी मला कळते. पण टिळकांनी अभंग लिहिला तो जिथे अभंग ऐकला जातो तिथे पोचावा म्हणूनच, आणि मला तिथेच तो ठेवायचाय. पंढरपूरकडच्या एका टाळकऱ्याने माहेरच्या चालीचं भजन ऐकून ‘माउली, ही चाल आमच्याकडं गौळणीला हाय’ असा निरोप पाठवला होता. ‘ख्रिश्चन’च्या कप्प्यात ठेवलं असतं तर त्याच्या कानावर ते पडलंच नसतं.

पाळकसाहेबांचा आणखी एक प्रश्न नेहमीचा: तुम्ही रेकॉर्ड केलेलं भजन आम्ही उपासनेत म्हटलं तर परवानगी लागेल का? अजिबात नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं म्हणण्याला कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात मोकळीक आहे. बिनधास्त गा. त्याच उपासनेचा व्हिडिओ आमचं ध्वनिमुद्रण लावून यूट्यूबवर टाकायचा असेल तर मात्र एक फोन करा. मी बहुतेक वेळा हो म्हणतो, पण चालीखाली नाव द्यायला सांगतो.

पैशाचं विचाराल तर भजनांचं लेबल अजून स्वतःच्या पायावर जेमतेम उभं आहे. परदेशातून मदत देऊ करणारे भेटतात. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ती नसताना एक रुपयाही घ्यायचा नाही, हे आम्ही नवरा-बायकोने पहिल्या दिवशी ठरवलं. ध्वनिमुद्रणाआधी मंडळींत आगाऊ नोंदणी घेतो, यूपीआयवर शंभर-दोनशे रुपये येतात, त्यातून प्रवास आणि मानधन निघतं. मुंबईतली, पुण्यातली, काही बाहेरदेशी गेलेली आमची नगरकडची माणसं पेनड्राइव्हही मागवतात, गाडीत लावायला.

नाताळ उरकला की संगमनेरच्या बाजूच्या एका वयस्कर कीर्तनकारांचं पूर्ण कीर्तन घ्यायचं आहे. दोन तासांचं आहे. तुकडे न पाडता एकसलग काढणार, मग किती जण शेवटपर्यंत ऐकतात ते ऐकोत. करार त्यांच्या लेकीकडे वाचायला दिला होता. ती नर्स आहे, रात्रपाळीत वाचून तिने दोन प्रश्न पाठवले. पैसे बाबांच्याच खात्यात यावेत का, हा पहिला. त्याचं उत्तर हो. दुसरा असा: बाबा उभ्या उभ्या कीर्तनात ओव्या रचतात, त्या आधी कुठेच लिहिलेल्या नसतात, तर त्या कोणाच्या? अगदी रास्त प्रश्न, आणि आमच्या छापील मसुद्यात त्याला जागाच नव्हती. आता कलम घातलंय: ध्वनिमुद्रण झालं की ऐकून प्रत्येक ओवी उतरवायची, ती यादी कराराला जोडायची, गीतकार म्हणून नाव बाबांचं. उतरवून काढायचं काम ती स्वतः करणार आहे, कारण त्यांचे उच्चार तिच्याइतके कोणाला कळत नाहीत. त्या कामाचेही पैसे लावलेत. कागद काल पुन्हा तिच्याकडे पाठवला.